तिसऱ्या मजल्याचं कडवं

मंडळाची स्मरणिका काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मस्कतमधल्या मराठी माणसाला लिहायची हौस दांडगी, पण मजकूर वेळेवर द्यायचं नाव नाही. त्यामुळे डिसेंबर उजाडला की मी फोनवर लोकांच्या मागे लागते, चिडते, ओरडते, आणि मग नवरा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतो, "तुला कोणी सांगितलंय?" मग मी स्वयंपाकघरात जाऊन जरा जास्तच आवाज करत भांडी घासते.

गेल्या डिसेंबरात एक मजकूर चक्क वेळेवर आला. पाठवणारी होती इथल्या अझैबा भागातल्या एका क्लिनिकमध्ये काम करणारी दातांची डॉक्टर. तिचे वडील म्हणजे आमच्या मंडळाचे काका. सगळ्यांचेच काका. वर्षाच्या सुरुवातीला ते गेले, आणि त्यांच्यासाठी एक पान ठेवायचं ठरलं होतं. मुलीने त्यांचा हसरा फोटो पाठवला आणि त्याबरोबर चांदणीची कविता. खाली 'कवी' म्हणून काकांचं नाव.

ही कविता इथल्या मराठी पोरांना पाठ असते. मंडळात नगरची आणि वसईची चार-सहा ख्रिस्ती घरं आहेत, त्यांच्यामुळे दरवर्षी नाताळचं चहापान होतं आणि त्यात पोरं ही कविता म्हणतात. ज्यांना मराठीत धड जेवायला मागता येत नाही, तीसुद्धा म्हणतात. व्हॉट्सअॅपवर ती गुलाबाच्या चित्रासकट 'कवी अज्ञात' म्हणून फिरत असते. आमच्याकडे मात्र ती काकांची, कारण मुलांच्या आधी नेहमी तेच ती म्हणून दाखवायचे. कोणी कौतुक केलं तर हात हलवून म्हणायचे, "अहो, माझी कसली, सगळ्या बिल्डिंगची आहे." आम्हाला वाटायचं, काय हा विनय!

कविता अशी:

चांदणी निघाली जिन्याने, लिफ्ट काही येईना,
पहिल्या मजल्यावर चाची, रिकामं जाऊ देईना.

दुसऱ्या मजल्यावर काकू, चकल्या तळते जोरात,
चांदणी बसली खायला, विसरून गेली वरात.

तिसऱ्या मजल्यावर बाबा, पोळी करपवून बसले,
चांदणी दिसली दारात, खूप दिवसांनी हसले.

चौथ्या मजल्यावर टीचर, दार ठेवते उघडं,
चांदणी म्हणते दमले गं, टेकू दे की थोडं.

गच्चीवर पोचली चांदणी, खाली बघते वाकून,
साऱ्या घरांनी तिच्यासाठी, जागा ठेवली राखून.

तिसऱ्या कडव्याला पोरं हमखास खिदळतात. करपलेली पोळी म्हटलं की त्यांना काय होतं कोण जाणे.

त्याच आठवड्यात मी टीचरांकडे गेले होते. टीचर म्हणजे नगरच्या बाई, इथल्या एका भारतीय शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता म्हाताऱ्या झालेल्या. त्यांना शाळेबाहेरही सगळे टीचरच म्हणतात, मीसुद्धा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि व्हिसा संपत असल्यामुळे जानेवारीत त्या कायमच्या नगरला परत निघाल्या होत्या. रुवीतलं त्यांचं घर खोक्यांनी भरलं होतं. नाताळ तोंडावर आलेला, म्हणून त्या भर पसाऱ्यात बसून करंज्या करत होत्या. त्यांच्याकडे नाताळचा फराळ असतो. चिवडा, करंज्या, शंकरपाळे, सगळं आपल्यासारखंच.

मी सहज म्हणाले, "यंदा काकांच्या पानावर चांदणीची कविता टाकतेय."

टीचरांचं करंजी कातणं थांबलं. मग परत सुरू झालं.

"टाक की," त्या म्हणाल्या. "फक्त नावापुढे कवी लिहू नकोस. दुसरं काहीतरी लिही. सादरकर्ते, वगैरे."

"का?"

"कारण ती मी लिहिलीय."

एवढं सांगून त्यांनी पुढची लाटी घेतली. मी बघतच राहिले. इतकी वर्षं ही बाई त्या कार्यक्रमाला येते, तिसऱ्या रांगेत बसते, टाळ्या वाजवते, आणि कधी चकार शब्द नाही! मी विचारायला लागले तर त्यांनी मला भलतीकडेच नेलं. "इंग्रजीत नाताळची एक कविता आहे," त्या म्हणाल्या, "सगळ्या जगाला माहीत असलेली. मी शाळेत दरवर्षी शिकवायचे. ती आधी पेपरात बिननावाची आली. पुष्कळ वर्षांनी एका प्रोफेसरने ती आपल्या पुस्तकात घातली. तर दुसऱ्या एका घरातली माणसं म्हणतात, छे, आमच्या पणजोबांनी ती पोरांना वाचून दाखवली होती, ती त्यांचीच. अजून भांडण मिटलेलं नाही. पण मला कधी त्यातलं कोणी खोटं बोलतंय असं वाटलं नाही गं. पोरांना वाचून दाखवता दाखवता कविता घरचीच होऊन जाते."

"ते राहू दे. तुमच्या कवितेचं बोला."

"सोड ना. करंजी खा."

मी करंजी खाल्ली, पण सोडलं नाही. मला राग आला होता. काका मला आवडायचे, आणि आवडत्या माणसाने दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून मिरवली असेल तर तो राग जास्तच येतो. घरी येऊन मी डॉक्टरला फोन लावला. नरमाईने विचारायचं असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते, "ही कविता काकांची आहे याला पुरावा काय?"

मग ती म्हणाली, "काकू, पुरावा कसला? मी स्वतः बघितलंय त्यांना लिहिताना. मी चार वर्षांची असेन. हमरियाच्या घरी डायनिंग टेबलवर बसले होते आणि बोटं मोजत एकेक लाइन म्हणत होते. मला मांडीवर घेतलं होतं. इट्स माय फर्स्ट मेमरी, काकू. आणि त्यातले बाबा म्हणजे माझेच बाबा. पोळी त्यांचीच करपायची."

"काकांची पोळी?" मंडळाच्या सहलीला काका स्वतः केलेल्या पोळ्या आणायचे. मऊसूत, आणि इतक्या गोल की आम्हा बायकांना लाज वाटावी.

"तेव्हा करपायची," ती म्हणाली. "आई नव्हती ना." मग घाईने म्हणाली, "बाबांचं माझ्याकडे फार काही नाही हो. ते बोलायचेच नाहीत जुनं काही. ही एक कविता आहे. प्लीज, ती तरी काढून घेऊ नका."

फोन ठेवल्यावर मी भांडीही घासली नाहीत. टीचरही पूर्वी हमरियातल्या त्याच जुन्या बिल्डिंगमध्ये राहायच्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या कवितेत चौथ्या मजल्यावर टीचर होत्या आणि तिसऱ्यावर काका. दोघंही आपापल्या घरात हजर. पान छापायला द्यायला आठवडा होता, आणि माझ्या एका चुकीच्या शब्दाने एकतर एका मुलीचा बाप तिच्यापासून हिरावला जाणार होता, नाहीतर टीचर इथून कायमच्या जाणार होत्या आणि त्यांचं नाव कुठेच राहणार नव्हतं. मला रडू आलं. नवऱ्याने पेपर खाली ठेवला, म्हणजे बघा.

मग सुचलं, की त्या बिल्डिंगमधली, पहिल्या मजल्यावरची चाची अजून तिथेच राहते.

हमरियात गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीबच. मी पार लांब लावून गल्लीबोळांतून चालत गेले. चाची रत्नागिरीकडची, खाली नवऱ्याचं कापडाचं दुकान, आता मुलगा बघतो. मला फक्त कार्यक्रमात बघून ओळखत होती, पण दारात पाय ठेवल्या ठेवल्या सांदणांची ताटली पुढे आली. तांदळाची, नारळाच्या रसातली, वाफाळलेली. रिकामं जाऊ देईना हे खरंच होतं.

वादाचं मी काहीच बोलले नाही. म्हटलं, "चाची, चांदणीची कविता येते का हो तुम्हाला?"

"येते म्हंजे काय गो! पोरांच्या आधी माझी पाठ झाली होती."

गुडघ्यावर हाताने ताल धरून ती म्हणायला लागली. पहिला मजला म्हटला, त्यात स्वतःचं नाव आल्यावर लाजली. दुसरा म्हटला. आणि मग सरळ चौथ्यावर गेली, टीचरच्या दारात.

"चाची, तिसरा राहिला."

"नाय राहिला," ती म्हणाली. "पहिल्या साली तिसरा नव्हताच."

"नव्हता म्हणजे?"

चाचीने ताटली बाजूला सरकवली. "त्यांची बाई गेली होती ना त्या साली, गरमीत. एवढीशी पोर मागं ठेवून. तुमच्यात मयतीच्या घरी वर्सभर सण नाय करत, तसं त्यांचं होतं. दिवाळीला पण आम्हीच समद्यांनी ताटं दिली त्यांच्याकडं. मग नाताळ आला. टीचरने पोरांकडनं मोठी कागदाची चांदणी करून घेतली, कविता लिहिली, पोरं गात गात जिना चढणार. पण तिसऱ्यावर गाणं कसं म्हणायचं? तर ती बोलली, दुसऱ्यावर चकली खायची आणि मग खलास. तोंड बंद. चपला हातात घ्यायच्या, आवाज नाय झाला पायजे. चौथ्यावर गेलात की परत सुरू करा."

"आणि ते करपलेल्या पोळीचं?"

"ते पुढच्या साली आलं. ते टीचरला विचार. सांदण खा, थंड होतंय."

मी खाल्लं. मग तशीच रुवीला टीचरांकडे गेले आणि दारातच म्हणाले, "तिसऱ्या मजल्याचं मला कळलंय. आता पुढच्या वर्षीचं सांगा."

टीचरांनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. खोक्यावरच बसल्या. "वर्ष झालं होतं," त्या म्हणाल्या. "वर्षश्राद्ध वगैरे सगळं करून झालं होतं त्यांचं. पोरं परत चांदणी चिकटवायला लागली. एका संध्याकाळी काका माझ्या दारात आले, मुलगी कडेवर. पिठाचे हात. म्हणाले, टीचर, यंदा आमच्याकडेही थांबू दे की चांदणी. आणि उभ्या उभ्या ते कडवं म्हणून दाखवलं. मी एक अक्षर बदललं नाही. बदलायचं काय त्यात?"

इतकी वर्षं ते कडवं ऐकून मी हसत आले होते. खूप दिवसांनी हसले, हे तीन शब्द म्हणजे त्या माणसाचं अख्खं वर्ष होतं, आणि आम्ही सगळे करपलेल्या पोळीवर हसत होतो. अर्थात काकांना तेच हवं असणार. नाहीतर त्यांनी पोळी कशाला करपवली असती?

"मग हे तुम्ही तिला का नाही सांगत?" मी विचारलं.

"काय सांगू? तुझी आई गेली म्हणून तुमचा मजला कवितेतून गाळला होता? तिच्या बापाने जे कधी सांगितलं नाही, ते मी कोण सांगणारी?"

"आणि तुमचं नाव? ते नको का तुम्हाला?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या, पण डोळे भरले होते. "हवंय की. का नको असेल? उभा जन्म इथे दुसऱ्यांची पोरं शिकवली. ती कुठल्या कुठे गेली. जानेवारीत मी विमानात बसले की माझं म्हणून इथे राहणारी एवढी एकच वस्तू आहे. वाटतं ना गं. वाटत कसं नाही?"

त्यावर मी जे बोलले ते जरा चढ्या आवाजातच बोलले. म्हणाले, काकांनी सांगितलं नाही, पण सांगू नका असंही म्हणाले नव्हते. ती मुलगी आता काही कडेवर नाही, लोकांचे दात उपटते. आणि काकांनी तर दरवर्षी सगळ्यांसमोर सांगितलं, माझी नाही, बिल्डिंगची आहे. आम्हीच शहाणे, आम्ही ऐकलं नाही. टीचर ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तू नको सांगूस. तू ओरडतेस. मी सांगेन."

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळची चर्चमधली प्रार्थना आटोपून त्या घरी आल्या, आणि दुपारी डॉक्टर आली. मलाही बोलावलं होतं, पण तोंड बंद ठेवायच्या अटीवर. ती ताठ बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. टीचरांनी सगळं सांगितलं, शाळेत गोष्ट सांगायच्या तसं, घाई न करता. पहिल्या वर्षी काय झालं, दुसऱ्या वर्षी काय झालं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता ही उठून जाणार असं मला वाटत होतं.

ती उठली नाही. बराच वेळ खोक्यावरच्या चिकटपट्टीचं टोक नखाने काढत बसली. मग म्हणाली, "चपला हातात घेतल्या? सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. चाचीचा धाकटा तर बूट घालून आला होता. त्याची लेस सुटेना तर रडकुंडीला आला बिचारा. शेवटी मी कात्रीने कापली."

"माझ्या आईसाठी?"

"तुझ्या आईसाठी. तुझी आई त्यांना जिन्याकडच्या खिडकीतून बिस्किटं द्यायची."

आणि ती रडायला लागली. लहान मुलासारखी, तोंड उघडं ठेवून. "मला आई आठवतच नाही," ती म्हणाली. "बाबा काही बोलायचेच नाहीत. मला वाटायचं, ती गेली तेव्हा इथे परक्या गावात कोणाला कळलंसुद्धा नसेल. नुसती गेली असेल. मला कोणी, मला कधी कोणी सांगितलंच नाही की..." टीचर खोक्यावरून उठून तिच्याजवळ बसल्या. मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं ते पाळलं, पण रडायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, नाव बदला. कविता टीचरची. तिसरा मजला बाबांचा."

पान तसंच छापलं. पण डॉक्टरचं तेवढ्यावर समाधान होईना. बापाच्या वळणावर गेलीय, डोक्यात एक गोष्ट आली की संपलं. तिने फोनाफोनी केली, मंडळातल्या आयांना कामाला लावलं, आणि नाताळच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी चहापानाऐवजी सगळी वरात हमरियात नेली. बौशर आणि अझैबाच्या एसी घरांतली पोरं त्या जिन्याकडे बघून म्हणाली, "लिफ्ट नाहीये?" लिफ्ट होती, येत नव्हती. कवितेत लिहिलं होतं तशीच.

खालच्या पायरीवर उभं राहून डॉक्टरने सगळ्यांना सांगितलं, ही कविता टीचरने लिहिली आहे, तिसरं कडवं माझ्या बाबांनी लिहिलं आहे, आणि तिसऱ्या मजल्याच्या आधी काय करायचं ते. एवढंच. टीचर वर गेल्या होत्या. त्यांच्या जुन्या घरात आता केरळचं एक कुटुंब राहतं, त्यांनी टीचरांना खुर्ची दिली होती आणि दार उघडं ठेवलं होतं.

मोठी कागदाची चांदणी धरून पोरं निघाली. चाचीने कोणाला रिकामं जाऊ दिलं नाही. दुसऱ्या मजल्यावर चकल्या तळणारं आता कोणी नव्हतं, म्हणून मी डबा घेऊन उभी होते. मग डॉक्टरने ओठांवर बोट ठेवलं. पोरांनी बूट काढले, सँडल काढले, वेलक्रोच्या त्या फर्रफर्र आवाजाने जिना भरला आणि मग शांत झाला. मोजे घातलेले पाय एकेक पायरी चढले. तिसऱ्या मजल्यावरच्या दारात आता तिथे राहणारे दोघे कामगार मुलगे उभे होते, त्यांना काही कळलं नव्हतं, पण तेही गप्प राहिले.

डॉक्टर त्या दारासमोर जराशी थांबली. मग तिने कडवं म्हटलं. करपलेल्या पोळीवर पोरं नेहमीसारखी खिदळली, बूट हातात धरून. 'हसले' म्हणताना तिचा आवाज फाटला, आणि मग तीही त्यांच्यात हसायला लागली.

वरून टीचरांचा आवाज आला, शाळेतलाच, "आता काय तिथेच राहणार आहात का? चला, दार उघडं आहे!"

आणि पोरं बूट न घालताच वर धावली.